विजयाचं लायसन्स: आधी कुठला कागद आणायचा तेवढं तरी लिहून द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला मला व्हॉट्सअपवर एक फोटो आला. काळसर काचेची ड्रॉपरवाली छोटी बाटली, लेबलवर भांगेचं हिरवंगार पान आणि खाली मोठ्या अक्षरात विजया तेल. पाठवणारा माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचा मुलगा. आजींचं वय ७१, गेली दोन वर्षं पोट ठिकाणावर नाही, दिवसातनं सहा सात वेळा जावं लागतं, स्कोपी झाली सगळे रिपोर्ट झाले, काही निघालं नाही पण वजन मात्र उतरत चाललंय. त्या बिचाऱ्याने इन्स्टाग्रामवर जाहिरात बघितली, २४९९ रुपये भरले, बाटली घरी आली आणि मग त्याला धास्ती वाटली म्हणून मला विचारलं, ताई हे आईला किती थेंब देऊ?

मी म्हटलं मागच्या बाजूचा फोटो पाठव. मागे लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, कधी बनवलं कधी संपणार काही नाही, बनवणाऱ्याचा पत्ता म्हणून नुसता एक ईमेल आयडी. आणि वर कॅन्सर, फिट्स, डायबेटिस, झोप, पोट, सांधे सगळ्यावर उपयोगी असं छापलेलं. मी त्याला सांगितलं एक थेंबही देऊ नकोस. त्यावर तो म्हणाला, मग ताई तुमचं ते भांगेचं चूर्ण कधी येणार, तुम्ही मागच्या दिवाळीत बोलला होतात. मला त्याला काही सांगता आलं नाही. ती रात्र मी नीट झोपले नाही आणि सकाळी उठून हे पत्र लिहायला घेतलं, लांबलं तर माफ करा, पण शक्यतो कापू नका.

मी वैद्य आहे, बीएएमएस झालेली, आणि धायरीत आमचं छोटं औषधाचं युनिट आहे. आजोबांनी सदाशिव पेठेत घराच्या मागच्या पडवीत खल घेऊन सुरू केलं, बाबांनी ते धायरीला नेलं, आता मी बघते. चूर्णं, काढे, तीन चार तेलं, नऊ माणसं कामाला. लायसन्स आहे, जीएमपी म्हणजे औषध नीट पद्धतीनं बनवतो याचं सर्टिफिकेट आहे, इन्स्पेक्शन वेळच्या वेळी होतं. म्हणजे मी काही नवखी नाही आणि मला कुठला शॉर्टकट पण नकोय. आजोबांच्या वहीत जातीफलादि चूर्णाचा पाठ आहे, तो त्यांचा स्वतःचा नाही, शार्ङ्गधर संहितेतला आहे. जायफळ, लवंग, वेलची, दालचिनी, नागकेशर, तालीसपत्र, सुंठ, मिरी, पिंपळी, चित्रक, वावडिंग असं सगळं थोडं थोडं, आणि साखर सोडली तर सगळ्यात जास्त वजन कशाचं असेल तर भांगेचं. ग्रहणीवर, म्हणजे या आजींसारख्या जुन्या हटवादी जुलाबांवर वैद्य लोक शेकडो वर्षं हेच देत आलेत. भांगेला शास्त्रात विजया म्हणतात. १९८५ ला नार्कोटिक्सचा कायदा आला आणि बाबांनी भीतीनं हे चूर्ण बंद केलं, वहीत त्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, सध्या करू नये. त्या "सध्या"ला आता चाळीस वर्षं होऊन गेली.

आता बाजारात जातीफलादि या नावानं डब्या मिळतात की, पण त्यातल्या बऱ्याच भांग वगळून केलेल्या असतात. ज्या द्रव्यावर पाठ उभा आहे तेच काढून टाकायचं आणि नाव तेच ठेवायचं. वैद्य लिहून देतो, पेशंट डबी घेऊन जातो, गुण येत नाही, मग म्हणतात आयुर्वेदात काही दम नाही. माझा जीव या गोष्टीवर फार तुटतो.

तर मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी ठरवलं की हे चूर्ण कायदेशीर करायचं, सगळे कागद रीतसर करून. त्याला आता चौदा महिने झाले.

लोकांना वाटतं भांग म्हणजे गांजा आणि गांजा म्हणजे जेल. आमच्या सोसायटीत सुद्धा एका काकांनी लिफ्टमध्ये विचारलं, काय हो तुम्ही गांजाचा कारखाना काढताय म्हणे. आणि एका लग्नात एका नातेवाईक बाईंनी माझ्या आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं की वैद्यांच्या घरात तुळशीत भांग उगवली. आईच्या डोळ्यात पाणी आलं होतं. म्हणून कायदा काय म्हणतो ते इथे लिहिते, मी तो स्वतः बसून वाचलाय, वकिलाकडून समजून घेतलाय.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे त्याच नार्कोटिक्सच्या कायद्यात कॅनाबिस (भांग-गांजाच्या झाडाचं इंग्रजी नाव) म्हणजे काय याची व्याख्या आहे. त्यात चरस म्हणजे झाडाचा चीक येतो, गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे येतात आणि या दोन्हीची मिश्रणं येतात. पानं आणि बिया, त्यांच्याबरोबर शेंडे नसतील तर, त्या व्याख्येत येतच नाहीत. हे काही चुकून राहिलेलं नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पण पानं आणि बिया अशाच बाहेर ठेवल्यात, कारण आपल्याकडे महाशिवरात्र आहे, होळी आहे, बैरागी गोसावी आहेत आणि वैद्यकी आहे. त्याच्याही आधी इंग्रजांनी १८९३-९४ ला याच्यावर एक अख्खं कमिशन बसवलं होतं, ११९३ साक्षी घेतल्या, सात खंडांचा रिपोर्ट केला, आणि त्यांनी सुद्धा सरसकट बंदी नको असंच म्हटलं.

पण पान एनडीपीएसच्या बाहेर आहे म्हणजे मोकळं आहे असं अजिबात नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे आणि भांग त्याच्या आत येते, परवानगी नसताना जवळ ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मग औषध बनवायचं तर १९४० चा औषध कायदा, त्याच्या नियमात भांग, बिया सोडून, ई-एक या यादीत आहे, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, बचनाग आणि अफूच्या शेजारी. त्या यादीतलं काहीही औषधात असलं तर डबीवर इंग्रजी आणि हिंदी दोन्हीत सावधान, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असं छापावं लागतं. त्याच नियमांतल्या शेड्यूल टी या कारखान्याच्या अटींच्या यादीप्रमाणे कमीत कमी १२०० चौरस फुटाची जागा लागते, प्रत्येक कामाला वेगळं पार्टिशन, शिकलेला टेक्निकल माणूस पूर्णवेळ. अर्ज फॉर्म २४-डी, लायसन्स मिळतं ते २५-डी. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रानं यात बदल केला, सगळं ऑनलाईन ई-औषधी पोर्टलवर आणलं, दर पाच वर्षांनी रिन्यूअलची कटकट काढून टाकली आणि लायसन्सचा निर्णय घ्यायची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली. म्हणजे रस्ता आहे, कागदावर अगदी व्यवस्थित रस्ता आहे. दुसऱ्या राज्यांमधल्या कंपन्या याच केंद्राच्या कायद्याखाली विजयाची औषधं बनवतायत आणि ती कायदेशीरपणे विकली पण जातायत.

मग अडलं कुठे ते सांगते. औषधाची मंजुरी एका कायद्याखाली आणि पान ताब्यात ठेवायची परवानगी दुसऱ्या कायद्याखाली, म्हणजे दोन ऑफिसं आली. ऑफिसांची नावं मी लिहीत नाही, माझं कुणा एका माणसाशी भांडण नाही आणि तिथली माणसं बहुतेक वेळा नीटच बोलली. पहिल्या ऑफिसात फाईल दिली, सहा आठवड्यांनी त्रुटी पत्र आलं की कच्चा माल ताब्यात ठेवण्याचा परवाना जोडलेला नाही, तो जोडून पुन्हा सादर करावे. बरोबर आहे म्हटलं. दुसऱ्या ऑफिसात गेले, तिथे अर्ज दिला, तिथून अडीच महिन्यांनी उत्तर आलं की औषध निर्मितीची मंजुरी जोडलेली नाही, ती प्राप्त झाल्यावर विचार करता येईल. मी ते उत्तर घेऊन पुन्हा पहिल्या ऑफिसात, तिथले साहेब म्हणाले, मॅडम आमच्याकडे असं आधी आलेलं नाही, तुम्ही वरून मार्गदर्शन मागवा. वर पत्र पाठवलं, वरून पत्र खाली आलं, त्यावर शेरा, आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी. सरकारी काम सहा महिने थांब ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण थांबायला सुद्धा माझी हरकत नव्हती हो, फक्त कुठल्या रांगेत थांबायचं ते कुणीतरी सांगायला पाहिजे.

यात कच्चा माल विकणाऱ्याचा तिसराच घोळ. उत्तराखंडात २०१८ पासून औद्योगिक हेम्पच्या, म्हणजे कमी नशेच्या भांगेच्या शेतीला लायसन्स देतात, टीएचसी म्हणजे नशेचा जो घटक तो ०.३ टक्क्याच्या आत असला पाहिजे अशी अट आहे. मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात भांगेच्या सरकारमान्य ठेकेदारीची जुनी पद्धत आहे. तिथून पान आणायचं तर तो व्यापारी म्हणतो तुमच्या राज्याचा परवाना नंबर द्या, त्याशिवाय इथलं खातं माल बाहेर सोडायचा पास देत नाही. म्हणजे परवाना नाही म्हणून पान नाही, पान नाही म्हणून ट्रायल बॅच नाही, ट्रायल बॅच नाही म्हणून टेस्ट रिपोर्ट नाही, आणि फाईलला टेस्ट रिपोर्ट जोडा म्हणून पुन्हा पत्र. माझी फाईल आता चार बोटं जाड झालीय. वरचा पुठ्ठा दोनदा बदलला. त्यात नोटरी केलेली तीन अ‍ॅफिडेव्हिट आहेत आणि युनिटचा नकाशा पाच वेळा काढलेला, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं ती खोली इकडे नको तिकडे दाखवा.

त्या खोलीबद्दल सांगते. आम्ही मागच्या मे महिन्यात स्टोअरच्या बाजूला आठ बाय दहाची एक खोली बांधून घेतली, फक्त विजयासाठी. खिडकी नाही, एक्झॉस्टला आतून जाळी, लोखंडी दार, त्याला दोन कुलपं, एक किल्ली माझ्याकडे आणि एक आमच्या प्रॉडक्शनच्या केमिस्टबाईंकडे, दोघी असल्याशिवाय दार उघडायचं नाही असा नियम. आत स्टीलचं टेबल, दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, कॅमेरा आणि एक नंबर घातलेलं पक्कं बांधलेलं रजिस्टर. रजिस्टरची पहिली ओळ कोरी आहे. रोज झाडणाऱ्या मावशी तिथे बाहेरूनच फडकं मारतात.

मी मुद्दाम मध्य प्रदेशातल्या एका लायसन्सवाल्या युनिटमध्ये जाऊन चार दिवस हे काम बघून आले, कारण आपल्याकडे बघायला कुठेच मिळालं नाही. विजया कच्ची कधीच वापरायची नसते, तिचं शोधन म्हणजे शुद्धीकरण करावं लागतं. पान आधी पांढऱ्या कपड्यावर पसरून दोन बायका एक एक काडी निवडत होत्या. त्यांचं मुख्य काम शेंडे शोधायचं. फुलोऱ्याचा शेंडा चिकट असतो, बोटाला चिकटतो, पान सुकं आणि खरखरीत लागतं. एखादा शेंडा सापडला की तो वेगळ्या डब्यात टाकायचा, वजन करायचं आणि रजिस्टरला चढवायचं, दिवसअखेर साक्षीदारांच्या सह्या. मग निवडलेलं पान सुती कपड्यात पुरचुंडी बांधून पाण्यात भिजवायचं, पिळायचं, पाणी हिरवंगार निघतं, ते टाकायचं, पुन्हा नवं पाणी. मी मोजलं, अकराव्या पाण्याला ते पाणी स्वच्छ झालं. मग सावलीत वाळवायचं आणि लोखंडी कढईत गाईच्या तुपावर मंद आचेवर परतायचं. सुरुवातीला ओल्या गवताचा वास येतो, मग हळूहळू भाजलेल्या मेथीसारखा खमंग वास सुटतो, तिथले म्हातारे कारागीर म्हणाले बाई हा वास आला की कढई उतरवायची, घड्याळ बघायचं नाही. मग वजन पुन्हा. कच्चं किती घेतलं, धुण्यात किती गेलं, वाळल्यावर किती उरलं, प्रत्येक पायरीला हिशोब. एक तोळा कमी भरला तर का भरला ते लिहावं लागतं.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की खात्यांची भीती मला कळते. कायद्यात "शेंडे बरोबर नसतील तर" हे जे शब्द आहेत ना, सगळी गोम त्यात आहे. पोत्यात शेंडे निघाले की तेच पोतं कायद्यानं गांजा होतं. गांजा एक किलोपर्यंत थोडी मात्रा, २० किलोला व्यापारी मात्रा, आणि व्यापारी मात्रेला शिक्षा दहा वर्षांपासून वीस वर्षांपर्यंत. ज्या अधिकाऱ्यानं माझ्या परवान्यावर सही करायची, उद्या माझ्या गोदामात काही भलतं निघालं तर त्याच्यावर बालंट येणार. नवीन प्रकरण, आधीचा दाखला नाही, चुकलं तर आपण, बरोबर निघालं तर कुणी शाबासकी देणार नाही, मग कोण कशाला सही करेल. मी त्यांच्या जागी असते तर मलाही हात आखडावासा वाटला असता. पण म्हणूनच तर नियम लिहून काढा म्हणते मी. शेंडे किती टक्क्यांपर्यंत चालतील, सापडले तर कुणाच्या समोर नष्ट करायचे, टीएचसी कुठल्या लॅबमध्ये तपासायचं, स्टॉक जास्तीत जास्त किती ठेवायचा, हे लिहिलेलं असलं की सही करणारा पण सुरक्षित आणि मी पण सुरक्षित. आणि तपासायला आपण कुठे लांब जायला नको, याच शहरात वनस्पतीची ओळख पटवून देणारी आघारकर संशोधन संस्था आहे, पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, रास्ता पेठेत १९३३ पासूनचं टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे. एवढी जाणती माणसं पुण्यात बसलीत, त्यांना एका टेबलाभोवती बोलवायला किती वेळ लागतो?

मागे २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं कलेक्टरना अर्ज दिला होता की कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, मला शेतात गांजा लावायची परवानगी द्या. तेव्हा लोकांनी तो हसण्यावारी नेला, पेपरात पण दोन दिवस चाललं आणि विषय संपला. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं. परवानगी देऊ नका, पण एनडीपीएसच्या दहाव्या कलमात राज्य सरकारला परवानगीचे नियम करायचे अधिकार आहेत, चौदाव्या कलमात धाग्यासाठी आणि बियांसाठी लागवडीची तरतूद आहे, मग आपलं राज्य ते वापरणार आहे की नाही, वापरणार नसेल तर का नाही, हे त्या माणसाला नीट समजावून सांगायला काय हरकत होती. हिमाचलनं बघा, आधी आमदारांची समिती नेमली, ती जिल्ह्या जिल्ह्यात फिरली, रिपोर्ट विधानसभेत आला आणि २०२५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे प्रायोगिक लागवडीचा अभ्यास दिला. घाई नाही केली, पण तोंड पण नाही फिरवलं. जम्मूला तर केंद्राचीच संस्था औषधासाठी याच्यावर संशोधन करतेय. २०२० च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं की कॅनाबिसला सर्वात कडक यादीतून काढायचं का, २७ विरुद्ध २५ असं ते निघालं आणि आपल्या देशानं काढायच्या बाजूनं मत दिलं. म्हणजे देशाला यातलं औषध दिसतंय.

मी गांजा मोकळा करा असं म्हणत नाहीये, हे कृपा करून कुणी तसं वाचू नका. माझी स्वतःची मुलगी एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजच्या बाहेर काय चालतं ते मला माहितीय, आणि त्या वयात नशेनं डोक्याचं कसं वाटोळं होतं ते मी पेशंटच्या घरात बसून बघितलंय. हे चूर्ण पण कुणीही उठून घ्यावं असं नाहीच. गरोदर बाईला नाही, ज्याच्या घरात मानसिक आजार आहे त्याला नाही, गाडी चालवणाऱ्याला नाही, मात्रा वैद्यानं ठरवायची आणि चालू औषधं बघून ठरवायची. म्हणूनच ते लायसन्समध्ये, कुलपात, रजिस्टरमध्ये असायला पाहिजे. अमेरिकेत २०१८ ला याच झाडातल्या सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकापासून केलेलं फिट्सचं औषध मंजूर झालं, लहान मुलांच्या अवघड प्रकारच्या फिट्ससाठी, पण ते केवढ्या चाचण्या होऊन आणि किती मोजून मापून.

आणि आत्ता होतंय काय, तर जो रीतसर मागतो तो दाराबाहेर आणि ज्याला मागायचंच नाही त्याची बाटली कुरियरनं दोन दिवसात सिंहगड रोडला घरपोच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या बाटलीवरचे कॅन्सर डायबेटिसचे दावे १९५४ च्या जाहिरातींच्या कायद्यात सरळ सरळ गुन्हा आहेत. आत काय आहे कुणाला माहीत, तिळाचं तेल असेल नाहीतर खरंच गांजाचा अर्क असेल, दोन्ही वाईट, आणि ७१ वर्षांची बाई रात्री अंधारात बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडली तर जबाबदार कोण, ईमेल आयडी? हेम्पच्या बियांचं तेल वेगळं, ते २०२१ पासून अन्न म्हणून चालतं, त्याच्यात नशेचं काही नसतं, पण लोकांना तो फरक कळत नाही आणि विकणारे नेमका तोच गोंधळ वापरतात. बियांच्या तेलाला औषधाचं पान चिकटवतात.

मला काय पाहिजे ते साधं आहे. सरकारनं एक कागद काढावा, दोन पानांचा, मराठीत, की महाराष्ट्रात विजयाचं शास्त्रोक्त औषध बनवायचं असेल तर पहिला अर्ज कुठे, त्याच्यावर तात्पुरती सशर्त मंजुरी कुणी द्यायची, मग पानाचा परवाना, मग ट्रायल बॅच, मग अंतिम मंजुरी. सशर्त मंजुरी हा माझ्या मते यातला मुख्य खिळा आहे, एका खात्यानं "दुसऱ्याचा परवाना मिळण्याच्या अटीवर मंजूर" एवढी एक ओळ लिहिली की गाडी हलते, कुणाला काही मोडावं लागत नाही. आणि या दोन्ही परवान्यांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लावावा, म्हणजे दिवस ठरतील, आणि दिवस उलटले तर अपील कुणाकडे करायचं ते पण ठरेल. उद्योगांसाठी एक खिडकीचा मैत्री कायदा आपल्या विधिमंडळानं २०२३ मध्ये केलाय, मोठ्या कारखान्यांना ती खिडकी उघडते तर नऊ माणसांच्या युनिटला पण उघडावी. आणि द्यायचंच नसेल तर नाही म्हणून सही शिक्क्यानिशी कारणासकट लिहून द्या, मी ते फ्रेम करून ठेवीन असं नाही, मी त्याच्यावर अपील करीन, तो माझा हक्क आहे. नाही पण नाही आणि हो पण नाही, याच्यावर अपील कुठे करतात?

मागच्या महिन्यात मी माहितीच्या अधिकारात दोन्हीकडे अर्ज टाकलेत, फक्त एवढंच विचारलंय की गेल्या दहा वर्षांत राज्यात अशा किती औषधांना मंजुरी दिली आणि त्यांच्याकडून कुठला कागद आधी घेतला. एकाकडून उत्तर आलं की माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. दुसऱ्याचं यायचंय. तिथल्या आवक जावकच्या टेबलावरच्या एक ताई मात्र फार चांगल्या आहेत, त्यांनी मला इनवर्ड नंबर लिहून देताना हळूच विचारलं, मॅडम माझ्या सासूबाईंना पण हाच पोटाचा त्रास आहे, हे औषध झालं की सांगाल का. मी म्हटलं सांगीन.

माझ्यासारखे अजून तीन चार जण आहेत, एक साताऱ्याकडचे वैद्य आहेत, एक नाशिकचे, फोनवर आम्ही एकमेकांना विचारत असतो की तुमचं कुठपर्यंत आलं. साताऱ्याचे वैद्य आता ६८ वर्षांचे आहेत. त्यांना शोधनाची जी रीत हाताला माहिती आहे ती कुठे लिहिलेली नाही, ते म्हणतात लायसन्स मिळालं की माझ्याकडे पोरं पाठव, मी शिकवतो, पण पान हातात नसताना काय शिकवू. तुमच्या वाचकांत कुणी यातून गेलेलं असेल, कुणी निवृत्त अधिकारी असतील ज्यांना याचा क्रम माहिती आहे, त्यांनी कृपया तुमच्या कार्यालयाकडे लिहावं, माझा पत्ता आणि फोन मी तुमच्याकडे वेगळ्या कागदावर दिलेला आहे, तो छापू नये.

त्या आजींना मी सध्या कुटजाचं आणि ताकाचं चालू ठेवलंय, थोडा फरक आहे, म्हणावा तसा नाही. बाटली मुलानं परत करायचा प्रयत्न केला तर तो नंबर आता लागत नाही, म्हणून ती त्यानं माझ्याकडे आणून दिली. मी ती लेबलसकट तक्रार अर्जाबरोबर पाकिटात घालून देणार आहे, सोमवारी सकाळी, पुन्हा त्याच टेबलावर. आणि साहेबांपैकी कुणाला आमची ती खोली बघायची असेल तर युनिट सोमवार ते शनिवार नऊ ते सहा उघडं असतं, आधी फोन करायची पण गरज नाही, फक्त केमिस्टबाई गुरुवारी सुट्टीवर असतात त्यामुळे गुरुवारी दुसरी किल्ली नसते.

आपली,
एक वैद्य व औषध उत्पादक
धायरी, पुणे